चारही रॅम स्टिक चांगल्या, तरी मशीन का पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी स्वतः जोडलेला डेस्कटॉप, रायझेन ७००० मालिकेतला प्रोसेसर, चार रॅम स्लॉटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, एक्सपो (रॅमला खोक्यावर छापलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू, वेग ६०००. इतके दिवस कसलीच तक्रार नव्हती. व्हिडिओ एडिटिंगला मेमरी पुरेना म्हणून त्याच कंपनीचं, त्याच पार्ट नंबरचं दुसरं किट आणून उरलेल्या दोन स्लॉटमध्ये बसवलंत. तेव्हापासून निळा स्क्रीन येतो, कधी चार दिवस काही नाही, कधी तासात तीनदा, आणि दर वेळी कोड वेगळा असतो. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून झाला, मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक फेरी काढली तीही स्वच्छ आली. आता तुम्ही विचारताय, नवी रॅम खराब निघाली की मदरबोर्ड गेला?

बहुधा दोन्ही नाही. चारही स्टिक धडधाकट असतील, बोर्डही ठणठणीत असेल, आणि तरी चारही मिळून ६०००ला चालणार नाहीत. रॅम स्थिर चालणं हा एकट्या स्टिकचा गुण नसतो. स्टिक, स्लॉट, बोर्डातल्या तांब्याच्या रेषा, प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग), बायोसची म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच सॉफ्टवेअरची आवृत्ती, व्होल्टेज, तापमान हे सगळं एकत्र धरून ते ठरतं. यातली एक गोष्ट बदलली की आधीचा निकाल रद्द होतो. तुम्ही स्टिकची संख्या बदललीत, म्हणजे कंट्रोलरसाठी ही संपूर्ण नवी जुळणी आहे. दोन वर्षांची ती साक्ष फक्त दोन स्टिकपुरती होती.

कारणात शिरण्याआधी एक गोष्ट आजच थांबवा. या मशीनवर महत्त्वाचं काम सेव्ह करू नका, आणि जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. लोक निळ्या स्क्रीनला घाबरतात, पण निळा स्क्रीन हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. चुकलेला बिट विंडोजच्या गाभ्यात पडला तर मशीन पडतं, तुम्हाला निदान कळतं तरी. तोच बिट एखाद्या फोटोत किंवा व्हिडिओच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये पडला तर काहीच होत नाही. फाइल मुकाट्याने बिघडलेल्या रूपात डिस्कवर जाते आणि चार महिन्यांनी उघडाल तेव्हा खालचा अर्धा फोटो राखाडी दिसतो. माझ्याकडे असं एक मशीन आलं होतं. मालकाने अस्थिर रॅमवर सहा महिने काम केलं होतं, दर आठवड्याला नेमाने बॅकअपही घेत होते. बॅकअप घेताना तीच रॅम मधे होती, शिवाय चांगल्या जुन्या प्रती बिघडलेल्या नव्या प्रतींखाली पुसल्या गेल्या. त्यांनी शिस्त पाळली होती, तरी फोटो गेले. तेव्हापासून रॅमची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवायला सांगतो. तपासणी त्यानंतर.

विंडोज दोनदा टाकलंत, त्याबद्दलही बोलायला हवं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं ते झालं. अस्थिर रॅमवर इन्स्टॉल केलेलं विंडोज त्याच रॅममधून डिस्कवर उतरतं, त्यामुळे आता त्याच्या स्वतःच्या फाइलींतही खोट असू शकते. उद्या रॅम पूर्ण स्थिर केलीत तरी हे इन्स्टॉलेशन मधेच अडखळेल, आणि तुम्हाला वाटेल की रॅमचा उपाय चुकला. म्हणून विंडोजचा विषय सगळ्यात शेवटी.

आता दोनच्या चार झाल्या की नेमकं काय बिघडतं ते पाहू. तुमच्या प्रोसेसरसाठी एएमडीने जाहीर केलेला अधिकृत वेग दोन स्टिक असताना ५२०० आहे. चार स्टिक असताना तोच आकडा ३६००वर येतो. त्यानंतरच्या रायझेन ९००० मालिकेतही दोन स्टिकला ५६०० आणि चारला ३६०० असंच आहे. हा आकडा उत्पादनाच्या पानावर खाली बारीक अक्षरांत असतो. खोक्यावर मात्र ६००० मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ६००० ही स्टिकची क्षमता आहे, प्रोसेसरचं वचन नाही. एक्सपो किंवा इंटेलच्या बाजूचं एक्सएमपी चालू करणं म्हणजे अधिकृतपणे ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. दोन स्टिकवर ते इतकं बिनबोभाट चालतं की आपण विसरून जातो.

६००० या आकड्याचा अर्थ एकदा नीट समजून घेतला की पुढचं सोपं जातं. हे मेगाहर्ट्झ नव्हेत. घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचं असतं आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून एका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून सिग्नल जेमतेम अडीच सेंटीमीटर पुढे सरकतो. प्रोसेसरपासून स्टिकपर्यंतचं अंतर त्याहून जास्त असतं, त्यामुळे एकाच रेषेवर एकापाठोपाठ एक बिट रांगेने धावत असतात. कंट्रोलरला त्या १६७ पिकोसेकंदांच्या अगदी मधल्या चिंचोळ्या फटीत ‘हा एक की शून्य’ हे वाचायचं असतं.

चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. एका चॅनेलचे दोन स्लॉट एकाच रेषेवर मागेपुढे असतात. रेषा प्रोसेसरकडून निघते, जवळच्या स्लॉटला शिवते आणि लांबच्या स्लॉटवर संपते. फक्त लांबच्या स्लॉटमध्ये स्टिक असेल तर रेषेच्या टोकाला स्टिक मिळते आणि सिग्नल नीट शोषला जातो. म्हणूनच मॅन्युअलमध्ये दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात. जवळच्या स्लॉटमध्ये एकटी स्टिक लावली तर पुढचा रिकामा तुकडा लोंबकळत राहतो आणि त्याच्या टोकावरून सिग्नल उलटा परततो. विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी यावा तसा. आणि दोन्ही स्लॉट भरले की एकाच रेषेवर दोन ओझी होतात, दोन ठिकाणांहून परतफेक होते, वाचायची फट आणखी अरुंद होते. आधीच्या पिढीच्या, डीडीआर४च्या काळात वेग कमी होता, हे निभावून जायचं. डीडीआर५वर ते चटकन अंगाशी येतं. ‘जुन्या मशीनवर चार स्टिक वर्षानुवर्षं चालल्या’ हा अनुभव खराच असतो, पण इथे लागू पडत नाही.

‘पण पार्ट नंबर तर एकच आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. पार्ट नंबर हा वेग, टायमिंग (रॅमने किती ठोक्यांत उत्तर द्यायचं ते आकडे) आणि व्होल्टेज यांचा करार असतो. आत कोणत्या चिप बसवल्यात याचा नसतो. एसके हायनिक्स, सॅमसंग, मायक्रॉन या तिघांच्या चिप आणि त्यांच्या वेगवेगळ्या पिढ्या एकाच नावाखाली येऊ शकतात. दोन वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन किटमध्ये हा फरक असणं अगदी शक्य आहे. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये एसपीडीच्या पानावर (स्टिकने स्वतःबद्दल दिलेली माहिती) चारही स्लॉट एकेक करून उघडा आणि चिप बनवणाऱ्याचं नाव व उत्पादनाचा आठवडा वहीत लिहून ठेवा. पण दोन्हीकडे एकच नाव दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. रॅम कंपन्या किटमधल्या स्टिक एकमेकींबरोबर तपासून एका पाकिटात घालतात. दोन स्वतंत्र पाकिटांतल्या चार स्टिक एकत्र चालतील याची हमी त्या देत नाहीत, आणि तसं स्पष्ट लिहितातही.

आता तपासणी. पायऱ्या तुम्हाला कंटाळवाण्या वाटतील, पण एकही गाळू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारलं तर काय सुधारलं ते कधीच कळत नाही.

आधी बायोस पूर्ण डिफॉल्टवर आणा. एक्सपो बंद, आणि प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझरने किंवा आणखी कशाने कमी व्होल्टेजचा काही प्रयोग केला असेल तर तोही बंद. हे दुसरं लोक सांगायला विसरतात. प्रोसेसरला कमी व्होल्टेज दिल्याने येणारी पडझड रॅमच्या पडझडीसारखीच दिसते. चारही स्टिक तशाच ठेवून मशीन चालू करा. पहिल्यांदा स्क्रीन काळा राहील, कदाचित कित्येक मिनिटं. या प्लॅटफॉर्मवर कंट्रोलर प्रत्येक रेषेसाठी वेळेचं गणित नव्याने बसवतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. रॅम जितकी जास्त, तितका वेळ जास्त. घाबरून पॉवर बंद करू नका. बोर्डावर ‘डीरॅम’ नावाचा छोटा दिवा पेटलेला दिसेल, तो विझेपर्यंत थांबा.

विंडोजमध्ये न जाता पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस चालवा. रात्रभर. तुम्ही एक फेरी काढून ‘स्वच्छ’ म्हणालात, पण पहिली फेरी या प्रोग्रॅममध्ये हलकी असते, तिच्यावर विसंबता येत नाही. ६४ जीबीमध्ये सुमारे ५५ हजार कोटी बिट असतात. त्यातला एखादा सहा तासांतून एकदा चुकत असेल तर पाऊण तासाच्या चाचणीत तो सापडला तर नशीबच. किमान चार पूर्ण फेऱ्या, आणि निकाल शून्य चुका. ‘एकच चूक आली, चालेल का?’ असं मला नेहमी विचारतात. नाही चालत. धान्याच्या कोठारात एक उंदीर दिसला तर एकच आहे असं कुणी धरून चालत नाही.

इथून वाट दोन बाजूंना फुटते. डिफॉल्टवर चारही स्टिक शून्य चुकांनी पार पडल्या, तर तुमचा एकही भाग खराब नाही. फक्त जुळणी ६०००ला जमत नाही. तुमच्या वर्णनावरून मला हेच दिसेल असं वाटतं. पण डिफॉल्टवरही चुका आल्या तर काहीतरी खरंच बिघडलंय आणि ते हुडकायला हवं.

हुडकायचं ते असं. सगळ्या स्टिक काढा, चारही स्टिकवर चिकटपट्टी लावून क, ख, ग, घ लिहा. प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये क लावून चाचणी, मग त्याच स्लॉटमध्ये ख, ग, घ. जी स्टिक तिथे चुकते ती संशयित. मग शुद्ध ठरलेली एकच स्टिक घेऊन ती चारही स्लॉटमध्ये फिरवा. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक, स्लॉटला चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. आठ चाचण्या आहेत, दोन-तीन दिवस जातील. अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा हे तीन दिवस स्वस्त.

चुका आल्या तर मेमटेस्टच्या पडद्याकडे नीट पाहा, नुसती लाल रेषा दिसली म्हणून बंद करू नका. चुकीचा पत्ता आणि चुकलेला बिट तिथे लिहिलेला असतो. प्रत्येक फेरीत तोच पत्ता आणि तोच बिट आला तर बिट साठवणारी एखादी पेशी मेलेली आहे, स्टिक बदलून घ्या, चर्चा संपली. पत्ते वेगवेगळे पण बिट नेहमी तोच असेल तर एखादी डेटा रेषा किंवा संपर्क कच्चा आहे. स्टिकच्या सोनेरी पट्टीवर बोटाचा ठसा, स्लॉटमध्ये धूळ, किंवा स्टिक पूर्ण बसलेली नसणं. आजकाल बऱ्याच बोर्डांवर स्लॉटला एकाच बाजूला क्लिप असते, दुसरं टोक नुसतं खाचेत अडकतं. क्लिपच्या बाजूला ‘टक’ झालं की आपण सोडून देतो आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबा, मग डोळे स्लॉटच्या पातळीला आणून सोनेरी कड कुठे तिरकी दिसते का ते बघा. आणि पत्ते व बिट दोन्ही विखुरलेले असतील, दर वेळी निराळे, तर दोष वेग, टायमिंग, व्होल्टेज किंवा कंट्रोलरकडे आहे. स्टिक बदलून काही होणार नाही.

एक जागा अशी आहे जिथे सहसा कुणी पाहत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. दुसऱ्या चॅनेलवर सतत चुका देणारं एक मशीन मी पाहिलं. मालकाने रॅम दोनदा बदलून आणली होती, बोर्डही परत पाठवायच्या बेतात होते. मी कुलर काढला, तर चारपैकी एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन वेढे जास्त आवळलेला. प्रोसेसर एका कोपऱ्यात जास्त दाबला गेला होता आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या पिनांचा संपर्क जेमतेम होता. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो आणि त्याच्या रेषा याच पिनांतून बाहेर येतात. तुमच्या सॉकेटमध्ये अशा १७१८ पिना आहेत, केसासारख्या. प्रोसेसर उचलून उजेडात तिरकं पाहिलं, एकही पिन वाकलेली नव्हती. पुन्हा बसवला, नवी पेस्ट लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. त्या रात्री चार फेऱ्या शून्य चुकांनी पार पडल्या. एखादा चॅनेल सतत रुसत असेल किंवा एका बाजूची रॅम अधूनमधून दिसेनाशीच होत असेल, तर बोर्डाला दोष देण्याआधी कुलर काढून पाहा.

उष्णतेचंही बघा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि तो गळतो. म्हणून डीडीआर५मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत सगळ्या पेशी पुन्हा भरून घ्याव्या लागतात. डीडीआर४मध्ये हाच काळ ६४ मिलिसेकंद होता. तापमान वाढलं की गळती वाढते. मेमटेस्ट चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड असतं, आणि तुमचं मशीन पडतं ते व्हिडिओ रेंडर करताना, जेव्हा कार्डाचा गरम झोत थेट स्टिकवर येतो. शिवाय चार स्टिक खेटून उभ्या, मधल्या दोघींना हवाच नाही. डीडीआर५ स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तो दिसतो. रेंडर चालू असताना मधल्या स्टिकचा आकडा पाहा. तुम्ही टायमिंगमध्ये हात घातला नसेल तर चिपना बरीच मोकळीक असते. पण टीआरईएफआय, म्हणजे दोन रिफ्रेशमधलं अंतर, कुणाचं ऐकून वाढवलं असेल तर ते लगेच ‘ऑटो’वर न्या. त्या एका सेटिंगमुळे हिवाळ्यात स्थिर असलेली मशीन उन्हाळ्यात पडतात.

मेमटेस्ट स्वच्छ आलं की मग विंडोजमध्ये जा आणि भार टाका. त्यासाठीचे प्रोग्रॅम: टेस्टमेम५, वाय-क्रंचर, प्राइम९५मधली ‘लार्ज एफएफटी’ चाचणी, ओसीसीटी. यातले किमान दोन तरी, कारण प्रत्येकाची ठोकायची जागा वेगळी. मेमटेस्ट स्टिकमधल्या पेशी चांगल्या तपासतं, पण कंट्रोलरला घाम फोडायचं काम वाय-क्रंचर किंवा प्राइम९५ जास्त चांगलं करतात. लिनक्स वापरणाऱ्यांनी स्ट्रेसॲपटेस्ट चालवावं, ते याच कामासाठी बनवलेलं आहे. शेवटी एक साधी परीक्षा, जी मी स्वतःच्या मशीनवरही घेतो: वीसेक जीबीची एखादी व्हिडिओ फाइल घ्या आणि तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, पाच वेळा काढा. ६४ अक्षरांची ती ओळ पाचही वेळा अक्षरशः सारखीच आली पाहिजे. फाइलला हातही न लावता ओळ बदलली, तर फाइल वाचताना वाटेत कुठेतरी खोटं घडतंय. मोठी झिप फाइल उघडताना ‘सीआरसी (पडताळणीचा आकडा) चुकला’ म्हणते आणि दुसऱ्यांदा तीच बिनतक्रार उघडते, हे त्याच दुखण्याचं लक्षण.

चाचण्या एकदाच करून थांबू नका. ट्रेनिंगचा निकाल दर वेळी तंतोतंत सारखा येत नाही. आज सकाळी बसलेलं गणित काठावर नापास आणि संध्याकाळचं काठावर पास, असं घडतं. ‘कधी चार दिवस काही नाही, कधी तासात तीनदा’ हे तुमचं वर्णन या प्रकाराशी जुळतं. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर नावाची सोय असते, ती जुनं गणित जपून ठेवते आणि मशीन झटपट सुरू होतं. तपासणीच्या काळात ती बंद ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी ताजं ट्रेनिंग होईल. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो, बिघडलेल्या बिटासकट.

‘कोड दर वेळी वेगळा’ हा धागा मी मुद्दाम राखून ठेवला होता. मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, मधेच ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव. चुकलेला बिट ज्याच्या जागेत पडेल तो ओरडतो. म्हणून तुम्ही ड्रायव्हर बदललात. एकच ड्रायव्हर, एकच कोड, एकाच कामाच्या वेळी येत असेल तर सॉफ्टवेअरकडे बघावं. रोज नवा आरोपी सापडत असेल तर खाली जमीनच हलतेय.

अर्थात अशी पडझड दिसली की ती रॅमचीच, असंही नाही. हे वाचणाऱ्यांत कुणाकडे इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतला वरच्या दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ किंवा फाइल उलगडताना चूक येत असेल, तर रॅमच्या मागे लागण्याआधी बायोस अद्ययावत करा. त्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. इंटेलने २०२४मध्ये ते मान्य केलं, त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली इजा दुरुस्तीने भरून येत नाही, तिथे प्रोसेसरच बदलून घ्यावा लागतो. पॉवर सप्लायही पाहावा. १२ व्होल्टची रेषा भाराखाली ११.४च्या खाली जाता कामा नये. पण ‘चार स्टिक लावल्या त्या दिवसापासून’ इतका थेट दुवा असताना मी तुमच्या बाबतीत तिकडे वेळ घालवणार नाही.

आता काय करायचं? माझा स्पष्ट सल्ला: दोन्ही किट परत करता किंवा विकता येत असतील तर तसं करा आणि ३२ जीबीच्या दोन स्टिकचं एकच किट घ्या. तेवढीच ६४ जीबी, पण दोनच स्लॉटमध्ये. ३२ जीबीची स्टिक सहसा ड्युअल रँक असते, एकाच स्टिकवर चिपचे दोन गट, म्हणजे कंट्रोलरवर १६ जीबीच्या स्टिकपेक्षा थोडं जास्त ओझं पडतं. तरी दोन स्टिकला ६००० बहुतेक बोर्डांवर जमतं, आणि नाहीच जमलं तर ५६०० कुठे गेलं नाही. पुढे आणखी लागलं तर ४८ जीबीच्या स्टिक आहेत, आता ६४ जीबीच्याही आल्यात. स्लॉट चार आहेत म्हणून चारही भरायची गरज नाही.

ते शक्य नसेल तर चारही स्टिक ठेवा आणि वेग उतरवा. एक्सपो न लावता ३६००पासून सुरुवात, तिथे रात्रभराची चाचणी, मग ४४००, ४८००, जमलं तर ५२००. जिथे पहिली चूक दिसेल तिथून दोन पायऱ्या खाली या. एक नको, दोनच, कारण उन्हाळा आणि धूळ यांसाठी जागा हवी. ‘मग ६०००चे पैसे वाया गेले’ असं वाटेल. पण तुमचं काम ३२ जीबीत मावत नव्हतं, उरलेलं डिस्कवर सांडत होतं. वेगवान एसएसडीसुद्धा रॅमच्या तुलनेत फार संथ. ४८००ची ६४ जीबी ही सांडणाऱ्या ६०००च्या ३२ जीबीपेक्षा तुम्हाला नक्की उपयोगी पडेल.

व्होल्टेज वाढवून ६००० ओढून आणायचा मोह टाळा. या प्रोसेसरांवर एसओसी व्होल्टेजची (मेमरी कंट्रोलर ज्यावर चालतो ते व्होल्टेज) मर्यादा १.३ आहे. २०२३मध्ये काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने बायोसमधूनच ती घातली. त्याआधीची जुनी बायोस आवृत्ती असेल तर ती आधी बदला. मात्र अपडेट करण्यापूर्वी रॅम डिफॉल्ट वेगावर आणा. अस्थिर रॅममधून बायोस लिहिणं म्हणजे बोर्डच गमावायची तयारी. नवं बायोस आलं की सगळी सेटिंग पुसली जातात, तेव्हा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नवं किट निवडताना बोर्डाच्या साइटवरची क्यूव्हीएल, म्हणजे तपासून पाहिलेल्या रॅमची यादी उघडा, पण नुसता पार्ट नंबर सापडला म्हणून थांबू नका. यादीत शेवटी एक रकाना असतो: १, २, ४. म्हणजे किती स्टिक लावून त्या वेगाला तपासलं. जवळजवळ प्रत्येक ६०००च्या ओळीत २पर्यंतच खूण असते, ४चा रकाना रिकामा. तुमच्या दुसऱ्या किटबद्दलचं उत्तर तिथेच होतं. यादी प्रोसेसरच्या मालिकेनुसार वेगळी असते, आपलीच उघडलीय ना ते पाहा. रॅम कंपनीच्या साइटवरही बोर्डानुसार यादी असते, तिचाही मेळ घाला. यादीत नसलेली रॅम चालतच नाही असं नाही, पण अडचण आली तर तुमच्या बाजूने बोलणारं कुणी राहत नाही. टायमिंगची तुलना करताना सीएलला (मागितल्यापासून डेटा मिळेपर्यंतचे ठोके) २०००ने गुणून वेगाने भागा: ६०००ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, डीडीआर४ ३२००ला सीएल १६ म्हणजेही १०च. यावरून नुसत्या मोठ्या आकड्याच्या मागे किती धावायचं ते ठरवता येतं. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्त दिसली तरी घेऊ नका, डीडीआर५मध्ये तिची खाचच वेगळ्या जागी असते.

आणि मनापासून सांगायचं तर, तुमच्यासारखं ज्यांचं पोट मशीनवर आहे त्यांनी ईसीसी रॅमचा, म्हणजे चुकलेला बिट स्वतः ओळखून सुधारणाऱ्या रॅमचा विचार करावा. ‘डीडीआर५मध्ये ईसीसी असतंच ना?’ असं ऐकू येतं. ते चिपच्या आतलं. दर १२८ बिटांना ८ जादा बिट, चिपमधला एखादा बिट घसरला तर तिथल्या तिथे सावरायला. चिपबाहेर पडून बोर्डावरच्या रेषेतून जाताना जे बिघडतं त्याला ते हात लावत नाही, आणि तुमचा सगळा बिघाड तर त्याच वाटेवर आहे. खरी ईसीसी स्टिक ती वाटही राखते, आणि चूक झाली तर नोंदवून ठेवते. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही नोंद. तुमचा प्रोसेसर ती पेलतो. बोर्ड पेलतो का ते मॅन्युअलमध्ये शब्दशः लिहिलेलं असेल तरच माना. वेग थोडा कमी मिळेल.

एकदा जुळणी ठरली, चार फेऱ्या शून्य चुकांच्या झाल्या, तीन वेगवेगळ्या दिवशी थंड मशीन सुरू करून भाराच्या चाचण्या पार पडल्या, पाच हॅश सारखे आले, की मग विंडोज नव्याने टाका. त्यानंतर बाजूला ठेवलेली बॅकअप डिस्क जोडा आणि नवं किट बसवल्याच्या तारखेनंतर सेव्ह झालेली प्रत्येक प्रोजेक्ट फाइल उघडून शेवटपर्यंत चालवून पाहा. जी अडखळेल तिची त्या तारखेआधीची प्रत काढा.